केरूच्या ओळीचं बटण

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर पत्रं पाठवून कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी देवऋषीकडे कधी गेले नाही. अंगात आलेल्या बाईपुढे कधी वाकले नाही. एकतीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काम केलं. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात... मला ती वॉर्डात एकदाही दिसली नाही. दिसली असती तर आधी चपला बाहेर काढायला लावल्या असत्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तुमचं हे सदर माझी नात वाचते, तिनेच मागे लागून हे लिहायला लावलं. शब्द माझे आहेत, शुद्धलेखन तिने तपासलं आहे.

नाशिकला पंचवटीच्या बाजूला, पेठ रोडवर आमचं प्रसूतिगृह. नाव लिहीत नाही. खाली ऑफिस, पहिल्या मजल्यावर अठरा खाटांचा वॉर्ड, दुसऱ्यावर ऑपरेशन. साल २००५. आषाढ चालू होता आणि पेठकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली होती.

आदल्या वर्षी आमच्याकडे कम्प्युटर आला होता. त्यातला सगळा कारभार शुभांगी नावाच्या मुलीने बनवला होता. सिन्नरची मुलगी, कॉलेज रोडवरच्या एका लहान कंपनीत कामाला. जावा नावाच्या भाषेत लिहिलंय म्हणायची. मला त्यातलं एवढंच कळलं की बाळ जन्मलं की एक फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, आणि बाळाची एक ओळ यादीत येते. ओळीच्या शेवटी दोन बटणं — एक ‘बदला’ आणि दुसरं ‘घरी सोडा’. ‘घरी सोडा’ दाबलं की प्रिंटरमधून कागद निघतो. तो कागद गेटवर वॉचमनला दाखवायचा, मगच बाळ बाहेर. कागद नसेल तर मॅडमच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंच्या, सख्ख्या भावालाही तो सोडणार नाही असा तो माणूस होता.

पहिल्याच दिवशी घोळ. बाळाचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. लाल अक्षरांत यायचं — ‘नाव भरणे आवश्यक आहे’. या पोरीने आधी एका मुलांच्या दवाखान्याला फॉर्म बनवून दिला होता, तोच उचलून इकडे आणला.

मी म्हटलं, “अगं, बारशाआधी नाव कुठून आणू? तू आणतेस का पाळणा?”

“सॉरी मावशी. लक्षातच आलं नाही. पण आता ते बऱ्याच ठिकाणी लागलंय, काढायला वेळ जाईल. तोवर काहीतरी टाका ना.”

आमचा क्लार्क विलास आळशी. त्याने सगळ्यांना ‘अ’ टाकलं. चार दिवसांनी यादीत नऊ ‘अ’. मॅडम भडकल्या. मग नावांचं काम माझ्याकडे आलं. मी वार बघायची. सोमवारी मुलगा झाला तर सोम्या, मुलगी झाली तर सोमी. एका बुधवारी तीन मुलगे झाले, तर मोठा बुध्या, मधला बुध्या, धाकटा बुध्या. बाळंतिणींना हसू यायचं, पण कामं व्हायची.

दुसरा घोळ त्याहून वाईट. वरच्या मजल्यावरही एक कम्प्युटर होता. तिथे सिस्टरने नवं बाळ भरलं की यादी खाली सरकायची, आणि विलासच्या समोर मात्र जुनीच यादी. तो पाचव्या ओळीचं बटण दाबायचा आणि कागद निघायचा शेजारच्या बाळाचा. दोनदा झालं. मी शुभांगीला धरलं.

“मावशी, बटण फक्त ‘पाचवी ओळ’ एवढंच सांगतं. पाचवीत आता कोण आहे, ते तिकडे बदललेलं असतं.”

“म्हणजे तू बाळं पाळण्यावरून ओळखतेस,” मी म्हटलं. “फरशी पुसायला पाळणे सरकवले की संपलं. आम्ही मनगटाला पट्टी बांधतो. पाळणा कुठेही ने, पट्टी बाळाबरोबर जाते.”

 ती म्हणाली, “तेच करायला पाहिजे होतं मी.” दोन दिवसांत तिने प्रत्येक बटणाला त्या त्या बाळाचा नंबर बांधला. त्यानंतर वर्षभर एकही चूक झाली नाही. पण मॅडमनी तेव्हापासून हुकूमच काढला — हाताने लिहिलेला कागद चालणार नाही, कम्प्युटरचाच पाहिजे, आणि कागद मनगटाच्या पट्टीशी जुळवून बघायचा. ते जुळवायचं काम माझं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की ‘ओळ चुकली असेल’ असं कुणी मला म्हणू नये. ओळ चुकते कशी, ते मला माहीत आहे.

आता जिजाचं. पेठच्या आतल्या एका पाड्यावरची बाई, वय बावीस-तेवीस. नवरा लक्ष्मण तिला जीपमधून घेऊन आला तेव्हा कळा अगदी शेवटच्या टप्प्यात होत्या. आमच्या दवाखान्याचं तोंडही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. केस पेपरवर विलासने विचारून लिहिलं — पहिलं बाळंतपण. अर्ध्या तासात मुलगा झाला. लहानसाच, पण रडला चांगला.

मी नावासाठी गेले. म्हटलं, “आज गुरुवार आहे. गुरू लिहू का?”

“केरू लिवा,” जिजा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. मागची मुलं जगली नसली की आईबाप असं नाव सांगतात. केर समजून कुणी त्याला हात लावू नये म्हणून. शिवाय इतकी बाळंतपणं बघितल्यावर पहिलटकरीण कोण आणि कोण नाही, ते मला अंगावरून कळतं.

“पहिलंच ना गं तुझं?”

“हां,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मीही विषय सोडला. गेलेल्या मुलांचं नाव काढलं की नव्याला नजर लागते असं या बाया समजतात. माझा विश्वास नाही, पण वाद घालायला मला पगार नव्हता. विलासला सांगितलं, केरू लिही.

चौथ्या दिवशी लक्ष्मण सकाळपासून मागे लागला. दुसऱ्या दिवशी पाचवी. पाचवी घरीच पुजायची, आवणीही पडली आहे, आणि गावची जीप बाराला निघते. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस थांबा, बाळ लहान आहे. तो ऐकेना. शेवटी मॅडमनी सही केली आणि वर निघून गेल्या, लागोपाठ दोन सीझर होते.

मी बाळाला घेऊन खाली ऑफिसात आले. अकरा वाजत आले होते. विलासने केरूच्या ओळीचं ‘घरी सोडा’ दाबलं. कागद आला. त्याने न बघता माझ्या हातात दिला.

मी वाचला. आईचं नाव बरोबर. जन्मतारीख कोरी. बाळाचं नाव — कोरं. त्याखाली, मुलगी.

“विलास, इकडे ये,” म्हणत मी बाळाचा लंगोट सोडला. “ही मुलगी दिसते का तुला?”

“मावशी, काय हे सकाळी सकाळी...” तो स्क्रीनकडे वळला. तिथे सगळं ठीक होतं. केरू, मुलगा, जिजाचं नाव, तारीख. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तसाच कागद. नाव कोरं, मुलगी.

“तोच परत छापला त्याने,” विलास म्हणाला.

लक्ष्मण दारात उभा होता. “ओ मावशी, तुमचा डबा रुसला तर आमी काय करायचं? पोरगं माझं हाय. कागद कशाला पायजे?”

“मला नको विचारू. गेटवर विचार.”

तो गेटवर गेला. तिकडून वॉचमनचा आवाज आला, “कागद दाव.” लक्ष्मण परत आला.

विलासने शुभांगीला फोन केला. “मी येईपर्यंत काही दाबू नका,” ती म्हणाली. ती स्कूटीवर आली तेव्हा साडेबारा झाले होते. जीप निघून गेली होती. लक्ष्मण तोंडाला येईल ते बोलत होता. मी त्याला चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

शुभांगीने आधी दुसरी ओळ घेतली. सोमी त्या दिवशी घरी जाणारच होती. कागद एकदम बरोबर आला. मग तिने केरूच्या ओळीचं दाबलं. कागद आला. नाव कोरं. त्याखाली — मुलगा.

“आता मुलगा आला ना? द्या मग!” लक्ष्मणने हात पुढे केला.

“नाव कुठंय?” मी म्हटलं. “तारीख कुठंय?”

शुभांगीने चौथ्यांदा दाबलं. काहीच नाही. पान गेलं आणि जसंच्या तसं परत आलं. प्रिंटर गप्प. पाचव्यांदा, सहाव्यांदा... काहीच नाही.

मग तिने ती काळी खिडकी उघडली, जिच्यात नुसती बारीक अक्षरं पळतात. बराच वेळ बघत होती. म्हणाली, “नंबर केरूचाच जातोय. सगळ्या वेळी केरूचाच. पण हे कागद... मावशी, असं बाळच यादीत नाही. जिजाच्या नावावर सगळ्या कम्प्युटरमध्ये एकच ओळ आहे.”

“कुणी कोरं नाव टाकून ठेवलं असेल.”

“टाकताच येत नाही. बघा.” तिने माझ्यासमोर नवा फॉर्म उघडला, बाकी सगळं भरलं, नाव मोकळं ठेवलं आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली. “माझ्याच चुकीने लागलेलं आहे हे. याच्यातून कोरं नाव जाऊच शकत नाही.”

बाळाची दूध प्यायची वेळ झाली होती. मी त्याला घेऊन वर गेले. जिजा गाठोडं बांधून खाटेवर बसली होती. मी आपलं सहज सांगायला गेले.

“घोळ झालाय गं तुझ्या कागदाचा. दोनदा मुलगी छापली आणि एकदा मुलगा. नाव काही येईना.”

तिचा चेहरा असा झाला की मी बोलायची थांबले.

“कोनी सांगितलं तुमाला?”

“काय सांगितलं?”

“आदी दोन पोरी झाल्या. मंग पोरगा.” ती हळू बोलत होती, डोळे माझ्यावर. “घरीच झाली तिघं. बारशाच्या आतच गेली. नावं नाय ठेवली कुनाची.”

  मी तिच्या खाटेवर बसले. एवढ्या वर्षांत मी पेशंटच्या खाटेवर कधी बसले नव्हते, दुसऱ्या आयांना त्यावरून बोलायची. दोन मुली, मग मुलगा. त्याच क्रमाने. मी उघड्या डोळ्यांनी वाचले होते ते कागद. विलासने वाचले, शुभांगीने वाचले.

 मग बाळ तिच्याकडे द्यायला मी दुपटं सारलं.

ओठ निळे.

तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. मग मी उठले ते थेट जिन्याकडे. त्या वयात मी जिना एवढ्या वेगाने चढले याचंही मला अजून नवल वाटतं. मॅडम नुकत्याच दुसऱ्या सीझरमधून बाहेर येऊन हात धूत होत्या. त्यांनी बाळ माझ्या हातातून ओढूनच घेतलं. मुलांचे डॉक्टर त्या सीझरसाठीच आले होते, तेही तिथेच होते. पिशवीने श्वास दिला, नळी घातली. मी दाराशी उभी. मागे जिजा आली होती, टाक्यांसकट धावत.  चौकटीला धरून नुसती उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. लहान मांजराच्या पिल्लासारखा. मग दुसरा, जरा मोठा.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा पावणेदोन झाले होते. लक्ष्मण जिन्यावर उभा होता. त्या त्याला म्हणाल्या, “बाराच्या जीपने निघाला असतास तर आत्ता कुठे असतास रे?”

 मीच मनात हिशेब केला. पेठच्या वाटेवर सावळघाटात, नाहीतर त्याच्याही पुढे. ना डॉक्टर, ना नळी. लक्ष्मण जिन्याच्या पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मी खाली येऊन शुभांगीला जिजाचं बोलणं सांगितलं. तिने माऊसवरचा हात असा काढला, जसा गरम तव्यावरून काढतात. विलास म्हणाला, “केस पेपरवर लिहिलेलं असेल, त्यावरून आलं असेल.” त्याने स्वतःच केस पेपर काढला. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं — पहिलं बाळंतपण.

“आणि असतं तरी काय?” शुभांगी म्हणाली. “आधीच्या मुलांसाठी फॉर्ममध्ये जागाच नाही. मी ठेवलेलीच नाही.”

विलास कागद फाडायला निघाला होता. तिने ते त्याच्या हातून घेऊन खणात ठेवले.

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणला खोदून खोदून विचारलं. नाशकात कुणाला सांगितलं होतंस का? इथल्या कुणाशी ओळख आहे का? तो शपथा घ्यायला लागला. म्हटलं शपथ नको, सरळ सांग. “नाय मावशी. तिनंच दम भरला व्हता, कुठं बोलायचं नाय म्हनून.” विलासलाही उलटसुलट विचारलं. तो कम्प्युटरपाशी एकटा जायलाच घाबरत होता, मस्करी कसली करतोय. शुभांगीने सगळं तिच्या ऑफिसात नेऊन दाखवलं. तिच्या साहेबांनी प्रिंटरला दोष दिला. प्रिंटरला काय माहीत, कुणाला किती मुली झाल्या?

बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. पाचवी तिथेच गेली, बाराव्या दिवशीही ते पेटीतच होतं. तेराव्या दिवशी मुलांचे डॉक्टर म्हणाले, आता न्यायला हरकत नाही, धोका टळलाय.

शुभांगी मुद्दाम आली. मी विचारलं, “दुरुस्त केलंस ना?”

“एक अक्षर बदललेलं नाही, मावशी. काय बदलू? चूकच सापडली नाही.”

विलास खुर्चीवर बसायला तयार नव्हता. तिनेच बटण दाबलं. आम्ही तिघं त्या प्रिंटरकडे बघत उभे. कागद आला. नाव केरू, मुलगा, तारीख, आईचं नाव, सगळं जागच्या जागी. मी पट्टीशी जुळवला. बरोबर होता.

मी तो जिजाच्या हातात दिला. ती आश्रमशाळेत शिकलेली, वाचता येत होतं. तिने वाचला आणि म्हणाली, “ते तीन पन द्या.”

“ते चुकीचे आहेत, ताई,” विलास म्हणाला. “फाडायचेत.”

“चुकीचे कसे? माझं नाव हाय ना त्यावर?”

विलासने माझ्याकडे बघितलं. मी शुभांगीकडे. शुभांगीने खण उघडला, तीन कागद काढले आणि तिला दिले. जिजाने ते एकेक करून वाचले. त्यात वाचण्यासारखं होतंच काय, तरी वाचले. मग चारही एकावर एक ठेवून सारखे केले.

मी गेटपर्यंत गेले. पुढे जिजा, मागे लक्ष्मण बाळाला घेऊन. बाळ त्याने एका क्षणासाठीही दुसऱ्या कुणाकडे दिलं नव्हतं. वॉचमनने हात पुढे केला. जिजाने चारही कागद दिले.

त्याने मोजले. “बाळ एक आणि कागद चार?”

“चारी माझेच हायेत,” जिजा म्हणाली.

वॉचमन कागदांकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा अडवतो, मला हाक मारतो. त्याने हाक मारली नाही. रोज करायचा तसा प्रत्येक कागदाचा खालचा कोपरा फाडला, एक, दोन, तीन, चार, आणि वरचे भाग तिला परत दिले. मग बाजूला झाला. गेटचा नेहमी एकच पल्ला उघडायचा, त्या दिवशी दोन्ही पल्ले सताड उघडले.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, “चार कागद घेतलेस कसे?” त्याला यातलं काही माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणाला, “कागदाशिवाय पोर सोडायचं नाही, एवढंच मला सांगितलंय. पोराशिवाय कागद आला तर काय करायचं, ते सांगितलेलं नाही. आणि मावशी... तिने ज्या तऱ्हेने दिले, ते बघून मी मोजायलाच नको होते.”

मी दोन वर्षांनी काम सोडलं. शुभांगी आता लग्न होऊन पुण्याला आहे, मोठ्या कंपनीत. दिवाळीला फोन करते. दर वेळी मी विचारते आणि दर वेळी ती म्हणते, “नाही सापडलं, मावशी. ते सगळं मी जपून ठेवलंय, अजून बघते अधूनमधून. कोरं नाव तिथून येऊच शकत नाही.” ती खोटं बोलणारी नाही, आणि मीही नाही. त्या दिवशी ते तीन कागद आले, मी ते वाचले. कुठून आले, ते मला माहीत नाही.